सुरय अंडं जमिनीवरच घालतो

गेले काही दिवस नाशिकच्या ग्रुपांवर एका पक्ष्याचा फोटो फिरतोय. काळी पाठ, पांढरं पोट, दुभंगलेली शेपटी. खाली मजकूर असा: ‘हा समुद्रपक्षी जन्मभर जमिनीला पाय लावत नाही. अंडंही हवेतच घालतो, ते पडता पडता पिल्लू बाहेर येऊन उडू लागतं. भूक लागली की खोल बुडी मारून मासा आणतो.’ आमच्या मामांनीही कौतुकाने पाठवला. मामा, पक्षी खरा आहे. तो सूटी टर्न, आपल्या नदी सुरयाचा समुद्रावरचा भाऊबंद. मजकूर मात्र चुकीचा आहे.

आधी अंड्याचं. बहुधा एकच असतं, उघड्या वाळूत नाहीतर खडकाळ जमिनीवर, खाली धड काडीसुद्धा नाही. नर-मादी आळीपाळीने साधारण महिनाभर त्यावर बसतात. भर दुपारी तर ऊब राहिली बाजूला, अंड्यावर सावली धरायची वेळ येते. पिल्लाला उडायला आणखी दोनेक महिने. तोवर आईबाप लांबवरून मासे आणि माकुल पोटात घेऊन येतात आणि ओकून भरवतात. आजूबाजूला हजारो पिल्लांचा कलकलाट, तरी आपलं पिल्लू आवाजावरून ओळखतात!

जमिनीला पाय न लावण्यात थोडं तथ्य आहे. बेट सोडलेलं पिल्लू पुढची काही वर्षं समुद्रावरच काढतं. पण वीण करायला जमिनीवर यावंच लागतं. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर १९४२ मध्ये अमेरिकेने धावपट्टी बांधली, तिच्या शेजारीच यांची वसाहत होती. विमानांना या पक्ष्यांचा मोठा उपद्रव झाला. त्यांच्याच टोपणनावावरून त्या विमानतळाला ‘वाइडअवेक’ म्हणतात.

बुडीचं म्हणाल, तर याची पिसं लवकर भिजतात. कुपा मासे खालून लहान मासळी वर हाकलतात, ती हा उडता उडता टिपतो. सूर बघायचा असेल तर नांदूरमध्यमेश्वरला चला. नदी सुरय पिवळी चोच खाली रोखून एका जागी पंख मारत थांबतो आणि सटकन पाण्यात शिरतो.

जमीन लागतच नाही म्हटलं, तर बेटं राखायची कशाला? असेन्शनवर माणसांनी नेलेली मांजरं रानटी झाली आणि वर्षानुवर्षं हे पक्षी मारत राहिली. २००६ मध्ये कुठे बेट त्या मांजरांतून मोकळं झालं. आपल्या लक्षद्वीपमधलं पिट्टी बेट जेमतेम तीन एकरांचं. तिथेही हा सुरय अंडी घालतो. उद्या एखाद्या होडीतून तिथे उंदीर उतरले, तर त्या अंड्यांना कसलाच आडोसा नाही.