घरं लांब लांब बांधली की साथ थांबते?

‘स्वतंत्र घरं, मधे भरपूर अंतर, भोवती कुंपण आणि एकच फाटक. अशी वसाहत बांधा, साथ आत शिरणारच नाही.’ हा मजकूर हल्ली पुन्हा फिरतोय. पटण्यासारखा वाटतो, म्हणून जास्तच फिरतो.

पहिला घोळ ‘दाट’ या शब्दाचा. एका एकरात किती घरं हा एक हिशेब, एका खोलीत किती माणसं हा दुसरा. विषाणूला फावतं ते दुसऱ्यात. २०२० साली शिमा हमीदी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ९१३ महानगरी काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, तपासल्या. घनता जास्त म्हणून कोविडचा संसर्ग जास्त, असं काही दिसलं नाही. दाट काउंट्यांतला मृत्युदर तर कमी निघाला. न्यूयॉर्कमध्ये सगळ्यात दाट मॅनहॅटन, पण पहिल्या लाटेत लोकसंख्येच्या मानानं रुग्ण जास्त होते ते ऐसपैस स्टेटन आयलंडवर.

‘उंच इमारत म्हणजे सापळा’ यात मात्र थोडं तथ्य आहे. हाँगकाँगमधल्या अमॉय गार्डन्स या संकुलात २००३ साली सार्स या श्वसनाच्या साथरोगाचे तीनशेहून अधिक रुग्ण सापडले. एक आजारी पाहुणा तिथलं शौचालय वापरून गेला होता. लोक न्हाणीघरं ओल्या फडक्यानं पुसून घेत, त्यामुळे मोरीच्या जाळीखालच्या वाकड्या नळीतलं, एरवी खालची हवा अडवून धरणारं पाणी सुकलेलं. पंखा लावला की सांडपाण्याच्या नळातली दूषित हवा त्या कोरड्या नळीतून वर खेचली जायची. म्हणजे दोष मजल्यांचा नव्हता, तांब्याभर पाण्याचा होता! न वापरलेल्या मोरीत अधूनमधून पाणी ओतायचं, एवढंच. बंगल्यातही.

फाटकाचं फार लांबवत नाही. विषाणू माणसांबरोबर येतो आणि माणसं रोज आतबाहेर करतात. फाटकाशी जंतुनाशकाचा बोगदा उभारणंही निरर्थक. माणसांवर फवारणी कोणत्याही परिस्थितीत करू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्येच सांगितलं होतं.

राहिलं अंतर. घरं पांगली की दवाखाना, वाणसामान, औषधं सगळंच लांब जातं. ऐन टाळेबंदीत, वाहनं बंद असताना, ते कोण आणून देणार? त्यापेक्षा दोन बाजूंनी उघडणाऱ्या खिडक्या, पायी गाठता येईल अशी मोकळी जागा, आणि घरात एक खोली अशी की आजारी माणूस तिथे झोपेल, तिचं दार लागेल आणि शौचालयाला जाताना त्याला सगळ्या घरातून फिरावं लागणार नाही.