साक्षीदार म्हणून सही करा म्हणे

सकाळपासून डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही म्हणून लिहितेय, लांबणार आहे, आधीच सांगते.

आमच्या सोसायटीचं बाहेरून पेंटिंग सुरू होतंय. घोडबंदर रोडची 16 मजली बिल्डिंग. मी कमिटीत आहे म्हणून सकाळी ऑफिसात बोलावलं होतं. गेले तर टेबलावर सहा कागद, सगळे इंग्रजीत टाईप केलेले, आणि भिंतीला टेकून सहा पोरं उभी. वीस-बावीस वर्षांची असतील, सगळी बंगालमधल्या मालदाकडची. एकाच्या मनगटावर आधीच्या साईटचा पिवळा रंग अजून वाळून चिकटलेला होता, तो नखाने खरवडत होता. सेक्रेटरी म्हणाले, ताई, इथे साक्षीदार म्हणून एक सही करा.

मी वाचलं. मी माझ्या स्वतःच्या जबाबदारीवर उंचीवर काम करतोय, काही बरंवाईट झालं तर सोसायटी किंवा ठेकेदार जबाबदार नाही, मी किंवा माझे वारस कुठलीही भरपाई मागणार नाही. साधारण असा मजकूर. खाली अंगठा. म्हणजे त्या पोराला सही येते हो, नंतर मी विचारलं तेव्हा त्याने वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर बांगलामध्ये आपलं नाव लिहून दाखवलं, सुंदर अक्षर आहे. पण ठेकेदार म्हणाला होता, अंगूठा लगा, जल्दी होगा.

माझ्या हातात पेन होतं आणि मला एकदम तो डबा आठवला.

1993 साल. आम्ही डोंबिवलीला राहायचो, मी सहावीत. बाबा एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत सुपरवायझर. त्यांच्या शिफ्टला एक काका होते, रोज सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाबांची वाट बघत उभे असायचे, मला बघितलं की खिशातून लिमलेटची गोळी काढायचे. एक दिवस टाकीच्या तळाचा गाळ काढायला एक कंत्राटी पोरगा आत उतरला आणि आवाज द्यायचा थांबला. काका त्याला ओढून काढायला उतरले. दोघंही गेले. सकाळी अकराच्या सुमारास. जेवणाची सुट्टी साडेबाराला.

काकांचा डबा बाबा संध्याकाळी घरी घेऊन आले, कारण तो कुणी उचललाच नव्हता. सगळे जण डबे बॉयलरजवळ ठेवायचे, गरम राहावेत म्हणून. त्यामुळे तो सात वाजतासुद्धा कोमट होता. तीन पुडांचा स्टीलचा डबा, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी काकूंचं नाव घातलेलं, लग्नातला असणार. आईने उघडला. मेथीची भाजी, पोळ्या, खालच्या पुडात आमटीभात. त्या माणसाचं जेवण कोमट होतं आणि माणूस नव्हता, हे मला अकराव्या वर्षी कळलं.

आता मुद्द्यावर येते. वर्तमानपत्रात "कामगाराचा मृत्यू" अशी दोन इंचांची बातमी येते ना, ती आपण वाचतो आणि पान उलटतो. मुंबई, ठाणे, वसई, भिवंडी, पनवेल सगळं धरा, या पट्ट्यात माणसं कामावर कशाने मरतात हे कुणीही नीट वाचणारा सांगेल. उंचीवरून पडून, टाकीत-चेंबरमध्ये गुदमरून, शॉक लागून, मशीनमध्ये किंवा क्रेनखाली सापडून, केमिकलचा रिअॅक्टर फुटून, रुळावर गाडीखाली. एवढंच. तीस वर्षांत यात नवीन कारण आलेलं नाही. बांधकामावरचा पडतो, सफाईवाला गुदमरतो, केमिकलवाला जळतो, गँगमन गाडीखाली जातो. धंदा सांगा, मरण कसलं येणार ते सांगता येतं. आणि तरी पोलीस ठाण्यात नोंद होते ती "अकस्मात मृत्यू" अशी. अकस्मात!

10 सप्टेंबर 2023, आमच्या घरापासून लांब नाही, बाळकुमला. नव्या 40 मजली बिल्डिंगच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंग करून लोक लिफ्टने खाली येत होते आणि लिफ्ट कोसळली. सात माणसं. त्या रस्त्याने मी रोज जाते, त्या आठवड्यात ट्रॅफिक किती होतं याचीच चर्चा आमच्या ग्रुपवर जास्त झाली. त्याच्या आधी 31 जुलैच्या मध्यरात्रीनंतर शहापूरजवळ समृद्धी महामार्गावर गर्डर लाँचर, म्हणजे पुलाचे गर्डर उचलून बसवणारं यंत्र, कोसळला, 20 जण गेले. 22 जानेवारी 2024 ला वसई आणि नायगावच्या मध्ये सिग्नलचं काम करणाऱ्या रेल्वेच्या तीन कर्मचाऱ्यांना लोकलने उडवलं. लोकल वेळेवर धावावी म्हणून रात्री रुळावर उतरलेली माणसं होती ती, आपल्यासाठीच उतरलेली.

आणि टाकी तर टाकीच. 2024 चा गुढीपाडवा, 9 एप्रिल. आपण गुढ्या उभ्या करून श्रीखंड खात होतो तेव्हा विरारला सांडपाण्याच्या प्लांटमध्ये चार जण गेले. 9 मार्च 2025, नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगची जमिनीखालची पाण्याची टाकी साफ करायला उतरलेले चौघे गेले. पाण्याची टाकी होती, गटार नाही! मार्चच्या 4 ते 10 तारखेला सुरक्षा सप्ताह असतो, कंपन्यांच्या गेटवर हिरवे बॅनर लागतात, शपथ घेतात, बिल्ले लावतात. त्याच आठवड्यात.

बंद टाकीत काय होतं हे मला बाबांनी तेव्हाच समजावलं होतं. काही टाक्यांत प्राणवायूच संपलेला असतो. गाळातून निघणाऱ्या वायूला सडक्या अंड्याचा वास येतो, पण तो फार झाला की नाकच काम करेनासं होतं, वास येत नाही म्हणून माणसाला वाटतं गेला वाटतं गॅस, आणि तो अजून एक पायरी खाली उतरतो. दोन-चार श्वासांत खेळ संपतो. वरचा माणूस काय बघतो, आपला सोबती खाली पडलाय. तो दोर, मास्क शोधत बसत नाही, उडीच मारतो. म्हणून टाकीतली बातमी एकाची क्वचित असते, दोन, तीन, चार असतात. जो वाचवायला जातो तोही जातो. आमचे काका तसेच गेले. आणि मला त्या माणसाचा अजून अभिमान वाटतो, पण त्याला तिथे उतरावं लागू नये एवढं शहाणपण 1993 मध्येही होतं आपल्याकडे. आत जायच्या आधी हवा तपासायची, ब्लोअर लावायचा, कमरेला दोर बांधून वर दोन माणसं उभी करायची. बाबा म्हणतात हे सगळं कंपनीच्या वहीत लिहिलेलं होतं.

डोंबिवलीचं तर काय बोलू. माझं माहेर. 26 मे 2016 ला स्फोट झाला तेव्हा आईच्या घराच्या खिडकीची काच पलंगावर येऊन पडली, 12 माणसं गेली. जवळजवळ आठ वर्षांनी 23 मे 2024 ला पुन्हा तीच एमआयडीसी, पुन्हा स्फोट, पुन्हा दहाच्या वर माणसं, आणि त्यातल्या काहींची ओळख डीएनए करून पटवावी लागली. दोन्ही वेळा स्थलांतराच्या घोषणा. मी आता त्या घोषणा वाचायच्या सोडून दिल्यात.

कबूल करते, पोरं पण बेल्ट लावत नाहीत. मी स्वतः पाहिलंय, हुक नुसता लोंबत असतो. पण फुटावर पैसे मिळतात त्यांना. बेल्ट काढ-घाल करण्यात तासाला जितकं काम कमी होतं तितकी मजुरी कमी होते, मग काय करेल तो? आणि मेट्रोच्या काही साईटवर हेल्मेट, जाळ्या, सगळं व्यवस्थित असतं, तेही खरं आहे. म्हणजे करायचं म्हटलं तर जमतं ना आपल्याला. पुढे.

मला खरा राग कशाचा येतो सांगू? माणूस मेल्यावर लगेच त्याच्याच अंगावर ढकलायची घाई असते त्याचा. "त्याने बेल्ट लावला नव्हता." "सांगितलं नसताना उतरला." "पिऊन आला असेल." 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात कामगारांना राहायचा पी-305 बार्ज बुडाला, मुंबईजवळ समुद्रात, 261 माणसं होती त्यावर, वादळाचा इशारा आधीच आलेला होता. बार्ज आणि एक टग (ओढबोट) मिळून ऐंशीच्या वर माणसं गेली. आणि पोलिसांनी गुन्हा दाखल केला तो बार्जच्या कॅप्टनवर, जो स्वतःच तेव्हा त्या पाण्यात बेपत्ता होता! जो उत्तर द्यायला येऊ शकत नाही त्याच्या नावावर सगळं टाकून मोकळं व्हायचं.

आणि आमच्या ऑफिसातला कागद हेच करत होता, फक्त मरणाच्या आधी. तयारीच करून ठेवायची म्हणजे.

दुपारी माझ्या एका वकील मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, अगं त्या कागदाला काडीची किंमत नाही. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यापासूनच लिहिलेलं आहे की कामगाराने भरपाईचा हक्क सोडला असा करार रद्दबातल. आणि कामगार मेला असेल तर त्याचीच चूक होती, त्याने पट्टा लावला नव्हता, नशेत होता, ही सबबसुद्धा मालकाला घेता येत नाही. 1923! इंग्रजांच्या राज्यात कळलं होतं. मग मी तिला विचारलं की कायद्यात टिकत नाही तर हे कागद करतात कशाला? ती म्हणाली, कोर्टासाठी नसतातच ते, गावाहून जी बाई येईल तिला दाखवायला असतात.

हे ऐकल्यावर मी दहा मिनिटं नुसती बसून होते.

त्या बाईला काय माहीत? ती मालदाहून दोन दिवस प्रवास करून येणार, शवागाराच्या बाहेर बसणार, आणि तिला नवऱ्याचा अंगठा दाखवणार. गोवंडीत डिसेंबर 2019 मध्ये सेप्टिक टँकमध्ये तिघे गेले, त्यांच्या बायकांना दहा-दहा लाखांसाठी हायकोर्टापर्यंत जावं लागलं, 2021 मध्ये आदेश झाला. सुरक्षेच्या साधनांशिवाय असा माणूस गटारात उतरवणं 2013 च्या कायद्याने बंद आहे, आणि 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने रक्कम 30 लाख केली, हे सगळं छान आहे, पण प्रत्येकीने कोर्टात जाऊन मागायचं का? या तिघी हायकोर्टापर्यंत पोचल्या, बाकीच्यांचं काय झालं?

आणि मोजतं कोण? कारखान्यातला मेला तर एका खात्याकडे, गटारातला दुसऱ्या, रुळावरचा रेल्वेकडे, बिल्डिंगवरून पडलेला पोलिसांच्या रजिस्टरमध्ये. खड्ड्यांचा आकडा मिळतो, डेंग्यूचा आकडा वॉर्डनिहाय मिळतो. या महानगरात गेल्या महिन्यात किती माणसं कामावर मेली, कुठल्या धंद्यात, कशाने, हे एका कागदावर मांडून महिन्याच्या महिन्याला आपल्यासमोर ठेवा ना. माझी एवढीच मागणी आहे. सगळे पडण्याचे आकडे एका रकान्यात खालीखाली दिसले तर "अकस्मात" म्हणायची लाज वाटेल.

त्या डब्याचं सांगायचं राहिलं. आईने तो घासून पुसून ठेवला आणि मग अडली. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. पण सुतकाच्या घरी साखर कशी द्यायची? रात्रभर डबा ओट्यावर होता. सकाळी आईने पिठलं-भाकरी केली, कडू घास, आणि त्याच डब्यात भरली. मी आणि बाबा घेऊन गेलो. काकूंनी झाकणावरचं नाव बघितलं आणि डबा पोटाशी धरला. उघडला नाही. त्यांचा धाकटा विचारत होता, बाबांनी आज जेवण परत का पाठवलं?

जे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते आता लिहिते. बाबांना विचारून लिहितेय. त्या आठवड्यात कंपनीने एक कागद केला, की काका कुणाची परवानगी न घेता स्वतःच्या मर्जीने टाकीत उतरले. खाली साक्षीदार म्हणून बाबांची सही आहे. घरात दोन मुलं, आईची नोकरी नाही, साहेबांनी समोर बसवून पेन हातात दिलं. बाबांनी केली सही. काकूंना किती मिळालं, मिळालं का, बाबांनी कधी विचारलं नाही, विचारायचं तोंड राहिलं नाही म्हणतात. पुढे काकू गावी गेल्या. बाबा आता 78 चे आहेत, अजून पिठलं खात नाहीत. आम्हाला वाटायचं पित्ताचा त्रास आहे.

म्हणून आज मी सही केली नाही. सेक्रेटरी म्हणाले, मॅडम फॉर्मॅलिटी आहे, सगळ्या सोसायट्या करतात. वाईट माणूस नाही तो, माझ्या सासूबाईंना रात्री दोन वाजता हॉस्पिटलला त्यानेच नेलं होतं. पण मी म्हटलं काम थांबवा. ते सहाही कागद माझ्या पर्समध्ये आहेत, आता देणार नाही.

संध्याकाळी ठेकेदाराकडून नवा हिशोब मागवला. प्रत्येकाला बसायच्या फळीचा एक दोर आणि कमरेच्या पट्ट्याचा दुसरा वेगळा दोर, गच्चीवर वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले, वर सतत एक माणूस, सहाही जणांचा विमा, आणि फुटाऐवजी रोजावर मजुरी. फ्लॅटमागे साडेअकराशे रुपये वाढतायत. एकदाच. काही जणांनी ग्रुपवर आत्ताच कुरकुर सुरू केलीय, ती मी वाचलीय.

उद्या साडेदहाला ऑफिसात मीटिंग आहे. बी विंगवाल्यांनो, तुम्ही मेसेजवर अंगठे दाखवता आणि खाली येत नाही, उद्या या. बाबांना फोनवर सगळं सांगितलं तर बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले मी पण येतो, डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडतो. त्यांच्यासाठी पुढे एक खुर्ची ठेवा, गुडघे दुखतात त्यांचे.