पाचशे डॉलरच्या आतल्या रायफलीची एवढी बदनामी कशाला?

ऑक्टोबर उजाडला की इथे पेनसिल्व्हेनियात, शिकारीची हौस असलेल्या मराठी मंडळींच्या फोनवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. यंदा मला तो तिघांनी पाठवला. सारांश असा: पाचशे डॉलरच्या आतली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (दर गोळीनंतर बोल्ट नावाचा दांडा हाताने मागे-पुढे करून भरायची) घेणं म्हणजे पैसे पाण्यात. तिची नळी सुमार, प्लास्टिकचा दस्ता लवतो, ट्रिगर दगडासारखा, वर ती धोक्याची. आणि हे सगळं बदलत बसलात तर चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. त्यापेक्षा एकदाच दोन हजारांची घ्या.

सहा वर्षं मी अशीच एक रायफल वापरतोय, .३०८ विंचेस्टर या काडतुसाची. स्कोपसकट (नेम धरायच्या दुर्बिणीसकट) चारशेला पडली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे तिच्या तक्रारीही येणार आहेत. मजकुरातला दस्त्याचा मुद्दा मला साफ मान्य आहे, ट्रिगरचा एकेकाळी खरा होता. बाकीचं ऐकीव आहे.

सुरुवात नळीपासून, कारण सगळ्यात मोठी थाप तिथेच आहे. रायफल स्वस्त होते ती कुठेतरी काटकसर केल्यामुळे, हे खरंच. पण काटकसर कुठे केली ते बघायला नको का? नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे रायफलीच्या मधल्या धातूच्या सांगाड्यात, बसवताना बोल्ट आणि काडतूस यांच्यातलं अंतर अगदी मापात यावं लागतं. जुन्या पद्धतीत कसबी कारागीर ते घासून-घासून जुळवत बसायचा. १९५८ साली निकोलस ब्रूअरने सॅव्हेज कंपनीसाठी ११० हे मॉडेल काढलं, त्यात नळीवर एक नट दिला. मापाचा गेज घालायचा, नळी त्याला टेकेपर्यंत फिरवायची, नट आवळायचा, काम झालं. बोल्टचं डोकंही वेगळं आणि किंचित हलतं ठेवलं, त्यामुळे त्याचे दोन्ही लग (बोल्ट जागेवर अडकवणाऱ्या खुंट्या) आपोआप सारखे टेकतात. कारागिराचे तास वाचले आणि नेम बिघडण्याऐवजी सुधारला. सॅव्हेजची आजची स्वस्त अ‍ॅक्सिस याच युक्तीवर उभी आहे. रुगर कंपनीच्या 'अमेरिकन' या मॉडेलमध्येही नळीला नट आहे, आणि तिची नळी बाहेरून हातोड्यांनी ठोकून घडवलेली असते. पैसे वाचवलेत ते दस्त्यात, मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या पेटीत) आणि पॉलिशमध्ये. म्हणजे डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं तिथे. कोकणात ठासणीच्या बंदुकीबरोबर आयुष्य काढलेल्या माझ्या काकांना व्हिडिओ कॉलवर ती दाखवली, दस्त्यावर टिचकी मारली. पोकळ आवाज ऐकून ते म्हणाले, "अरे, ही जत्रेतली आणलीस की काय?" मजकूर लिहिणाऱ्याचंही बहुधा असंच झालं असावं. टिचकी दस्त्यावर मारली आणि निकाल नळीचा दिला.

मीही याच चुकीत एक हंगाम घालवला. पहिल्या वर्षी शंभर यार्डांवर एक गोळी डावीकडे, दुसरी चार इंच उजवीकडे. नळीच वाईट, असं ठरवून मी नव्या नळीच्या किमती काढत बसलो होतो. चांदमारीच्या मैदानावर शेजारच्या टेबलावर एक सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांनी काही न बोलता माझ्या स्कोपला अंगठ्याने ढकललं. स्कोप हलला! त्याच्या पट्टीचा पुढचा स्क्रू जेमतेम दोन आटे धरून होता, आणि तो मीच बसवला होता. घरी येऊन सगळे स्क्रू काढले, तेल पुसलं, थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या डिंकाचा) थेंब लावला आणि टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याला आवळले. पुढच्या शनिवारी त्याच काडतुसांच्या पाच गोळ्या सव्वा इंचात बसल्या. अंगण सरळच होतं.

इंचांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. 'महागडी रायफल अर्ध्या इंचात मारते' याचा पुरावा म्हणून तीन छिद्रांचा फोटो फिरवतात. तीन गोळ्यांनी फारसं काही कळत नाही. त्याच रायफलीने, त्याच हाताने दहा मारा: सर्वांत लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर सरासरीने तीन गोळ्यांच्या सुमारे १.६ पट निघतं. रायफल बिघडत नाही, आकडेमोडच तशी आहे. म्हणून तीन गोळ्यांचा एक इंच आणि दहा गोळ्यांचा दीड इंच या दोन रायफली नसून एकच असू शकते. आणि हरणाचं काय? इथल्या व्हाइटटेल हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंचांची. दीड इंचाची रायफल दोनशे यार्डांवर तीन इंचांत मारते. आमच्या जंगलात दोनशे यार्ड मोकळे दिसले तरी नवल. मला आजवर मिळालेली तिन्ही हरणं सव्वाशे यार्डांच्या आतली.

आता दस्ता. इथे मजकूर शंभर टक्के बरोबर आहे. माझ्या दस्त्याचा पुढचा भाग आणि नळी यांच्यामधून डॉलरची नोट सरकवली तर ती अर्ध्यात अडकायची, आणि अंगठा-बोटांत धरून दाबलं की प्लास्टिक चक्क नळीला जाऊन टेकायचं. अशी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली की एक निशाणा, हातात धरली की दुसरा. पण म्हणून दीड-दोनशेचा लाकडी दस्ता लगेच मागवायची गरज नाही. रिकाम्या रायफलीचा बोल्ट काढला, दस्ता सोडवला. आत बघतो तर बर्फाच्या ट्रेसारखे खणच खण. त्यांच्या भिंतींना भोकं पाडून मोडक्या कार्बन बाणांच्या दोन काड्या लांबीने ओवल्या, प्लास्टिक खरखरीत कागदाने ओरबाडून घेतलं (नाहीतर इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा डिंक, धरत नाही, पहिल्यांदा ती खपली होऊन निघाली) आणि खण तिने भरून टाकले. दुसऱ्या दिवशी पान्याच्या सॉकेटला सँडपेपर गुंडाळून नळीची खाच मोकळी केली. खर्च बावीस डॉलर, आणि गॅरेजमध्ये दोन दिवस वास. आता नोट रिसीव्हरपर्यंत सुळकन जाते. हेही लक्षात घ्या की सगळेच स्वस्त दस्ते सारखे नसतात. रुगर अमेरिकनच्या दस्त्यात रिसीव्हर टेकायला स्टीलचे व्ही आकाराचे ठोकळे घातलेले असतात. तिथे बाहेरचं प्लास्टिक स्वस्त असलं तरी महत्त्वाची बैठक धातूची आहे.

ट्रिगरबद्दलची ओरड वीस वर्षांपूर्वी रास्त होती. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सॅव्हेजने मधोमध पातं असलेला, मालकाला स्वतः हलका-जड करता येणारा अ‍ॅक्यूट्रिगर आणला आणि बाकीच्यांनाही हलावं लागलं. आता अ‍ॅक्सिस २ मध्ये तो मिळतो. रुगर अमेरिकनचा ट्रिगर ओढायला लागणारा जोर तीन ते पाच पाउंडांच्या मध्ये लावता येतो. माझा मी मासे तोलायच्या काट्याने मोजला, साडेतीन पाउंड भरला. नोव्हेंबरच्या थंडीत हातमोजे घालून बसणाऱ्याला याहून हलका हवाच कशाला? जुनी, जड ट्रिगरची रायफल असेल तर तयार ट्रिगर विकत घ्या आणि जाणत्या गनस्मिथकडून बसवून घ्या. स्प्रिंगचे वेढे कापायला सांगणारे व्हिडिओ मात्र बघूही नका.

'धोक्याची' या आरोपावर मी दोनच गोष्टी सांगणार. .३०८ च्या काडतुसासाठी अमेरिकेत ठरलेली दाबाची मर्यादा ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पाउंड) आहे, आणि रायफलीवरची किंमत बघून काडतूस दाब कमी करत नाही. बनवणाऱ्याला प्रत्येक रायफल त्या दाबालाच तयार करावी लागते. उलट २०१४ मध्ये रेमिंग्टनने एक्स-मार्क-प्रो ट्रिगरच्या रायफली परत बोलावल्या, कारण जुळणीच्या वेळी जास्त लागलेल्या चिकटद्रव्यामुळे ट्रिगर न ओढता गोळी सुटण्याचा धोका होता. आणि त्यांत मॉडेल ७०० होती, जी स्वस्तातली रायफल म्हणून ओळखली जात नाही.

राहिला मसाल्याचा हिशेब. नवी नळी, नवा दस्ता, नवा ट्रिगर असं सगळं घेतलंत तर मजकुराचं म्हणणं खरं ठरेल, आणि विकताना त्यातला एक डॉलरही परत येणार नाही. पण हे सगळं घ्या असं सांगतंय कोण? माझी बेरीज अशी: रायफल ४००, इपॉक्सी आणि किरकोळ २२, टॉर्क रेंच ५०, दुसऱ्या वर्षी बदललेला स्कोप २००. झाले ६७२. दोन हजारांच्या रायफलीवर स्कोप वेगळाच घ्यावा लागतो, तो धरतही नाही. उरलेल्या तेराशेत वीस गोळ्यांचा डबा तीस डॉलरला धरला तरी चाळीसहून जास्त डबे येतात. हजार यार्डांच्या स्पर्धेत उतरणाऱ्याने खुशाल महागडी घ्यावी, त्याला तिचा उपयोग आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी नारिंगी जाकीट घालून झाडाखाली बसणाऱ्याला आठशे गोळ्यांच्या सरावाचा जास्त आहे.

एक दुखणं मात्र माझ्याने बरं झालेलं नाही. मॅगझिनची प्लास्टिकची कडी. हातमोजे घालून ती दाबली जात नाही, आणि हातमोजा काढून जोरात दाबली की मॅगझिन थेट पाचोळ्यात. दर हंगामात एकदा तरी मी गुडघ्यांवर बसून ते शोधत असतो.