गोड्या पाण्याची गोब्र्याला सवय लागत नाही

समुद्रातला गोब्रा, म्हणजे हेकरू किंवा ग्रूपर, घरच्या गोड्या पाण्याच्या टाकीत पाळता येतो, असा सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. रोज थोडं खारं पाणी काढायचं, तेवढं नळाचं घालायचं, पंधरा दिवसांत माशाला सवय लागते म्हणे. जोडीला चार पुरावे दिले जातात. या सल्ल्यापायी मासे हाल होऊन मरतात, म्हणून तो मुद्देसूद खोडणं गरजेचं आहे.

आधी मूळ दावा: ‘हळूहळू केलं की जमतं.’ समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. गोब्र्याच्या रक्ताचा खारटपणा याच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे ११-१२ ग्रॅमच्या पाण्याइतका. समुद्रात त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. म्हणून तो समुद्राचं पाणी पितो, जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो आणि लघवी अगदी कमी करतो. गोड्या पाण्यात सगळंच उलटं होतं. पाणी कल्ल्यांतून आत घुसतं आणि रक्तातले क्षार बाहेर झिरपतात. तिथे जगायचं तर भरपूर पातळ लघवी करावी लागते आणि जवळजवळ क्षार नसलेल्या पाण्यातून ते खेचून घ्यावे लागतात. गोब्र्याच्या मूत्रपिंडांना आणि कल्ल्यांना हे पुरेसं जमत नाही, मग पंधरा दिवस द्या नाहीतर दोन महिने.

फसगत मधल्या टप्प्यावर होते. खारटपणा लिटरला ३५ ग्रॅमवरून १२-१५ पर्यंत उतरताना मासा मजेत दिसतो, खातोही, कारण पाणी त्याच्या रक्ताच्या जवळ येत असतं. या सल्ल्यासोबत फिरणारा व्हिडिओ तेवढ्यातच काढलेला असतो. ५ च्या खाली गेलं की खाणं सुटतं, अंगावर चिकट थर वाढतो, डोळे दुधाळ होतात, पोट फुगतं, कल्ले भरभर हलतात आणि मासा तळाशी कलंडतो. त्यातच खारटपणा बदलल्यामुळे फिल्टरमधले, माशाची घाण पचवणारे जिवाणूही मंदावतात आणि त्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया चढतो.

‘जिताडा तळ्यात वाढतो, मग गोब्रा का नाही?’ अलिबाग-पेणकडच्या तळ्यांत जिताडा वाढतो हे खरंच आहे. पण जिताड्याचं आयुष्यच दोन्ही पाण्यांत जातं. वीण खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात होते आणि पिल्लं नदीत वर चढतात. मीठ बाहेर टाकणाऱ्या कल्ल्यांतल्या पेशींच्या जागी मीठ आत घेणाऱ्या पेशी त्याला तयार करता येतात. दोघे एकाच टोपलीत विकायला येतात, म्हणून त्यांची शरीरं सारखी ठरत नाहीत.

‘गोब्र्याची पिल्लं खाडीत सापडतात.’ सापडतात. नारिंगी ठिपक्यांच्या गोब्र्याची पिल्लं मचूळ, म्हणजे गोडं-खारं मिसळलेल्या पाण्यात चांगली वाढतात आणि मत्स्यपालकही याचा फायदा घेतात. पण मचूळ म्हणजे गोडं नव्हे. शिवाय खाडीत भरती-ओहोटी असते, पावसाळ्यात वरचं पाणी गोडं झालं तर खोल, खाऱ्या थरात उतरता येतं. काचेच्या टाकीत तो कुठे जाणार?

‘जपानमध्ये ग्रूपर गोड्या पाण्यात वाढवतात’, हा दाखला सर्वांत जास्त पसरलाय. ओकायामा युनिव्हर्सिटी ऑफ सायन्सने खास पाण्यात ग्रूपर वाढवले, ही माहिती खरी आहे. मात्र त्या पाण्यात सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियमचे क्षार मोजून घातलेले असतात. समुद्रापेक्षा क्षार बरेच कमी, पण नळाच्या पाण्याशी त्याचा संबंध नाही. हा प्रयोग उलट आपलंच म्हणणं सिद्ध करतो: क्षारांशिवाय भागत नाही.

चौथा पुरावा, गोड्या पाण्यात पाच मिनिटं पोहणारा मासा. ती परजीवी पाडण्यासाठी दिलेली डुबकी आहे. तापमान आणि पीएच जुळवून ३ ते ५ मिनिटं देतात आणि मासा लगेच खाऱ्या पाण्यात परत सोडतात.

टाकीत मिठागरातलं मीठ ओतूनही समुद्राचं पाणी होत नाही. पाणी आटताना कॅल्शियमचा मोठा भाग मीठ जमण्याआधीच जिप्सम होऊन बसतो आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडवट पाण्यात राहतं. समुद्री टाकीसाठी मिळणारं तयार मीठच वापरा.

गोब्रा आधीच गोड्या पाण्यात सोडला असेल तर वेळ घालवू नका. वेगळ्या टबात क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं ६० लिटर पाणी घ्या. त्यात सुमारे ८५० ग्रॅम समुद्री टाकीचं तयार मीठ टाकून हवेचा पंप लावा. मीठ पूर्ण विरघळलं की रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या साधनावर, १२ ते १४ (लिटरला ग्रॅम) दिसलं पाहिजे. मग मासा थेट त्यात सोडा. इथे थेंबाथेंबाने सवय लावणं म्हणजे त्रास लांबवणं. पहिला दिवस खाऊ देऊ नका. पुढे रोज २-३ ने खारटपणा वाढवत ३० च्या वर न्या, अमोनिया रोज तपासा आणि तो दिसला की तेवढ्याच खारटपणाच्या पाण्याने एक तृतीयांश पाणी बदला. उडालेल्या पाण्याची भरपाई मात्र साध्या पाण्याने करा, कारण मीठ उडत नाही.

कायमच्या टाकीचं बोलायचं तर ४ × १.५ × १.५ फुटांच्या टाकीत जेमतेम २५० लिटर पाणी मावतं, आणि नारिंगी ठिपक्यांचा गोब्रा मीटरभराच्या पुढे जातो. महाकाय गोब्रा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, तो पाळण्याचा प्रश्नच येत नाही. मोठी खारी टाकी आणि स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) नसेल तर टबातला मासा सावरल्यावर ज्यांच्याकडे ही सोय आहे त्यांच्या हवाली करा.