कथेचा काटा कसा काढावा

तुमच्याकडे मालिकेसाठी चांगली कथा आहे म्हणता? वाईट झालं. पण धीर सोडू नका, यातूनही मार्ग निघतो.

आधी हिशेब समजून घ्या. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वजा केल्या की तुमच्या वाट्याला साधारण २२ मिनिटं येतात. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला ३०० भाग, म्हणजे ११० तास. अडीच तासांचा एक याप्रमाणे दरवर्षी ४४ सिनेमे झाले! तुमची कथा कितीही दमदार असो, गणपतीत सुरू केलीत तर संक्रांतीला तिचा तीळही उरत नाही. दूरदर्शनच्या काळी १३ भाग मंजूर व्हायचे आणि तेवढ्यात गोष्ट सांगून माणसं आपापल्या घरी जायची. आता घरी जायची सोय नाही. गुरुवारी टीआरपी येतो. आकडा चढलेला असताना गोष्ट संपवली तर वाहिनी तुमच्याकडे असं बघेल, की जणू तुम्ही चालू हॉटेलला टाळं ठोकलंत. रात्री आठला पोळी ताटात पडली की हात आपोआप रिमोटकडे जातो, अशी लाखभर घरं मोठ्या खर्चाने जमवलेली असतात. त्या घरांना आठ वाजता काहीतरी लागतं. ते कथाच असावं असा त्यांचा हट्ट नसतो.

तेव्हा मालिकेच्या नावात जो प्रश्न घातलात, त्याचं उत्तर देण्याची घाई करू नका. आणि चुकून दिलंच, तर दिलं हे कोणाच्या लक्षात आणून देऊ नका. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ साली सुरू झाली तेव्हा मामला सरळ होता: राधिका, तिचा नवरा गुरुनाथ आणि मध्ये शनाया. पुढे राधिकाने घटस्फोट घेतला, मसाल्याचा धंदा उभारला आणि सौमित्रशी लग्नही केलं. आता कुठल्याही गणिताने गुरुनाथ तिचा नवरा उरला नव्हता. तरी मालिका २०२१ पर्यंत चालली आणि नवरा कोणाचा, बायको कोणाची, हे विचारायला कोणी उठलं नाही. मधल्या काळात शनायाचा चेहरा बदलला, काही काळाने पहिला चेहरा परत आला. आमच्याकडे त्यावर “हिच्यापेक्षा बरी दिसत होती ती आधीची” एवढीच चर्चा झाली आणि भाजी वाढली गेली.

‘आई कुठे काय करते’चंही तेच. घरात राबणाऱ्या बाईची दखल कोणी घेत नाही, हा २०१९ मधला प्रश्न खराच अस्सल होता, आणि घराघरांत टोचलाही. अरुंधतीने अनिरुद्धला सोडलं तिथे उत्तर मिळालं होतं. एखाद्या भोळ्या लेखकाने तिथेच पडदा पाडला असता. इथे तिचं दुसरं लग्न झालं, दुसरा नवरा आशुतोष वारला, मुलांचे संसार मोडले आणि जुळले, मालिका दुपारी सरकली आणि पाच वर्षं होता होता २०२४ च्या नोव्हेंबरात एकदाची थांबली. तोवर आईने काय करायचं बाकी ठेवलं होतं, ते सांगा.

आता रोजची २२ मिनिटं भरायची कशी, ते सांगतो. एक पाकीट घ्या. त्यात कसलातरी रिपोर्ट आहे. सोमवारी ते दारात येतं, पण नायिकेचे हात कणकेने माखलेले, म्हणून ती ते देव्हाऱ्यापाशी ठेवायला सांगते. मंगळवारी वारा सुटतो (मालिकेत बंद खिडकीतूनही वारा येतो) आणि पाकीट सोफ्याखाली जातं. बुधवारी धाकट्या जाऊबाईंना ते दिसतं. त्यांच्या चेहऱ्यावर डावीकडून, उजवीकडून आणि वरून असा तीनदा कॅमेरा आपटा, मग घरातल्या अकराच्या अकरा जणांचे चेहरे दाखवा. त्यांना पाकिटाचा पत्ताही नसला तरी हरकत नाही. गुरुवारी पाकीट बदललं जातं. शुक्रवारी नायक ते फोडतो आणि फोन वाजतो. शनिवारी तो वाचतो आणि मटकन खाली बसतो, पण कागद आपल्याला दिसत नाही. रविवारी एक तासाचा महाएपिसोड, त्यात कळतं की ते विजेचं बिल आहे. खरा रिपोर्ट अजून यायचाय.

नायक स्वतः डॉक्टर असेल तर अडचण येईल असं वाटतं ना? मुळीच नाही. ‘रंग माझा वेगळा’मधला कार्तिक चांगला शिकलेला डॉक्टर. सावळ्या दीपाच्या वाट्याला येणारे टोमणे, हा मालिकेचा मूळ विषय. तो कधीच मागे पडला आणि मुली आपल्या की नाहीत या संशयावर डॉक्टरसाहेबांनी काळ काढला. साधी डीएनए चाचणी करून टाक रे बाबा, असं अवघा महाराष्ट्र टीव्हीकडे बोट दाखवून ओरडत होता. ओरडणारा माणूस चॅनल बदलत नाही, हे ध्यानात ठेवा. ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये जान्हवीला दिवस गेले आणि ते इतके लांबले की लोकांनी त्यावर विनोदांचा पाऊस पाडला. वाहिनीला ती जाहिरात फुकटात पडली.

सगळंच संपलं तर लीप घ्या, म्हणजे गोष्ट एका उडीत काही वर्षं पुढे न्या. सात वर्षांचा लीप म्हणजे नायकाच्या कानशिलावर थोडी पांढरी पावडर आणि एक चष्मा. खलनायिकेला काही लागत नाही, कारस्थानाने कांती टिकते. लीपनेही भागलं नाही, तर पुनर्जन्म आहेच. ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’मध्ये जयदीप आणि गौरी गेले आणि २५ वर्षांनी अधिराज आणि नित्या होऊन आले. सुख म्हणजे नक्की काय, हे एका जन्मात कळलं नाही तर दुसरा घ्यायचा! ‘तुझ्यात जीव रंगला’च्या राणादाला तर मरायचेही कष्ट पडले नाहीत, तो गेल्यासारखा झाला आणि राजा राजगोंडा म्हणून परत उगवला.

मात्र ‘रात्रीस खेळ चाले’ला मी हात जोडतो. पहिल्या पर्वात अण्णा नाईक सुरुवातीलाच गेलेले. माणूस मेला, गोष्ट संपली, पुढे जायला वाट नाही. मग ही मंडळी उलटी मागे गेली आणि २०१९ च्या दुसऱ्या पर्वात जिवंत अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता उभे केले. खरं सांगायचं तर ते पहिल्यापेक्षा सरस निघालं. असं काही तुमच्याकडून होऊ देऊ नका. मूळ कथेला बरी जोड मिळाली की प्रेक्षक पुन्हा कथेची अपेक्षा करू लागतात आणि सवय बिघडते. तिसऱ्या पर्वात अण्णांचं भूत आणून ती चूक बरीचशी सुधारण्यात आली.

टिकाऊपणाचा आदर्शच हवा असेल तर ‘चार दिवस सासूचे’पुढे नतमस्तक व्हा. २००१ ते २०१३, तीन हजारांहून जास्त भाग. म्हणीतले सुनेचे चार दिवस कधी येणार म्हणून वाट बघत बसलेल्या त्या वेळच्या नव्या नवऱ्या आता स्वतः सासू व्हायच्या बेतात आहेत.

तरीही कधीतरी आकडे पडतात आणि वाहिनीचा निरोप येतो, पंधरा दिवसांत गुंडाळा. शेवटच्या आठवड्यात खलनायिकेला चार मिनिटांत पश्चात्ताप होऊ द्या, तुरुंगातल्याला सोडवा, सगळ्यांना एका फोटोत उभं करा. पण रागाच्या भरात कोणाला कायमचं मारू नका. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ २००८ मध्ये बंद झाली आणि २०२५ च्या जुलैत परत सुरू झाली. मधल्या काळात तिच्यातल्या तुलसी, म्हणजे स्मृती इराणी, केंद्रात मंत्री होऊन आल्या आणि विराणींच्या घरात पुन्हा रुजू झाल्या. तेव्हा तुमची नायिका उद्या निवडणूक लढवायला निघाली तर खुशाल जाऊ द्या. फक्त निघताना मंगळसूत्र कपडेपटात जमा करून पावती घ्यायला सांगा.