साडू मुंबईत राहतो म्हणजे नेमका कुठं?

कैलासनं एवढंच विचारलं होतं, "आक्काला परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला न्यायचंय, मुंबईत मुक्काम कुठं करावा?" साधा प्रश्न. पण परभणीतल्या वसमत रोडच्या आमच्या टपरीवर साध्या प्रश्नाला साधं उत्तर दिलं तर कुणाला चहा पचत नाही. त्यात दत्ताभाऊ हजर. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, खिशाला तीन पेन आणि एकातही शाई नाही.

"कुठं म्हणजे? आमदार निवास! आपली खोली हाय तिथं."

"आपली म्हणजे तुपली का साहेबाची?" ज्ञानोबा.

"एकच की."

"मग निवडणुकीत फॉर्म तू भर, मत मागायला त्यांना पाठव."

ज्ञानोबा मोंढ्यात अडतीवर मुनीम आहे. बापाच्या तंबाखूपायी वर्षातला मोठा काळ त्यानं परळला काढलाय. या विषयात कट्ट्यावर बोलायचा हक्क खरं तर त्याला एकट्यालाच. पण आमच्याकडं ज्याला माहीत असतं त्याचा नंबर शेवटी लागतो.

कैलास म्हणाला, "मपला साडू हाय ना मुंबईत. बायको म्हणायली तिकडंच जा, लोकं काय म्हणतील."

"साडू मुंबईत नेमका कुठं?"

"बदलापूर."

ज्ञानोबानं कप खाली ठेवला. "बदलापूर मुंबईत कवा आलं? जिल्हा ठाणे हाय त्याचा. परळपासून बदलापूर म्हणजे हितून नांदेड. साठ किलोमीटर. आक्काला रोज नांदेडहून परभणीच्या दवाखान्यात आणशील का? तेबी उभ्यानं?"

"लोकल असती की. तास-सव्वा तासात."

"गाडी तेवढ्यात जाती. तू गाडीत चढलास तर. सकाळी आठला तिकडून सगळी दुनिया मुंबईकडं निघती अन् संध्याकाळी सगळी वापस. तुपलं जाणं-येणं नेमकं त्याच टायमाला. एखाद्या दिवशी केमो झाली अन् आक्काला उलटी आली, तर त्या डब्यात पिशवी काढायला हात वर होत नाई. साडू चांगला हाय, मान्य. त्याच्याकडं रविवारी जेवायला जा."

कैलास गप्प. बायकोला काय सांगायचं, हा हिशोब त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. तो प्रश्न मात्र अख्ख्या कट्ट्याच्या आवाक्याबाहेरचा.

तेवढ्यात विक्यानं मोबाईल पुढं केला. विक्या म्हणजे मॅपशिवाय संडासला न जाणारा माणूस. "बघा, अॅपवर हॉटेल हाय प्रभादेवीला. एसी. टाटापासून दीड किलोमीटर. चालत जातील."

"चालत? कॅन्सरचा पेशंट?"

"मग टॅक्सी."

"टॅक्सी कोणत्या पुलावरून नेणार?"

विक्या मॅपमध्ये बोट फिरवत राहिला. ज्ञानोबा थांबला नाही. "तुपलं हॉटेल रुळाच्या त्या अंगाला, टाटा ह्या अंगाला. मधी पश्चिम रेल्वे अन् मध्य रेल्वे, दोन्ही. त्याच्यावरचा एल्फिन्स्टनचा पूल 2025 च्या सप्टेंबरात बंद केला, पाडून नवा बांधायलेत. आता टॅक्सी एकतर दादरचा टिळक पूल धरणार नाईतर खाली करी रोडकडून वळसा घालणार. दीड किलोमीटरला मीटर कुठल्या कुठं जातं बघ. पायी जायचं तर स्टेशनाचा पादचारी पूल हाय. जिने चढायचे, उतरायचे. आक्काचे गुडघे?"

"गुडघे गेलेत," कैलास म्हणाला.

"मुंबईत जागा शोधताना किलोमीटर विचारूच नाई. ईस्ट का वेस्ट, एवढंच आधी विचारायचं. रुळ ओलांडावा लागत असंल तर ते घर फुकट दिलं तरी लांब हाय."

हे मी लगेच मनात लिहून ठेवलं. माझाही पुतण्या तिकडं नोकरीला जायलाय आणि त्याची आई रोज 'स्वस्त रूम बघ' म्हणून मागं लागलीय.

विक्या हरणारा नाही. "मेट्रो हाय आता! भुयारी. आरे ते कफ परेड, 2025 च्या ऑक्टोबरपासून पूर्ण चालू. दादर स्टेशन हाय तिच्यावर."

"हाय. पण वेस्टला. सिद्धिविनायक, वरळी करत ती तिकडून तिकडंच खाली जाती. परळला येत नाई. दत्ताभाऊच्या कामाची हाय ती, विधान भवनाच्या दाराशी उतरवती. अन् तुपला मॅप? मेट्रो चालू झाली तवा आतमधी मोबाईलला रेंज नाई म्हणून बोंब होती. तू बोगद्यात बसून 'रीरूटिंग, रीरूटिंग' करत बसशील."

यावर गंगाखेडच्या लग्नाचा विषय निघणारच होता आणि निघाला. विक्याच्या मॅपनं अख्खी गाडी उसाच्या फडात नेली होती आणि नवरदेवाचा मामा, म्हणजे दत्ताभाऊ, अक्षता संपल्यावर पोचले होते. दत्ताभाऊंचं म्हणणं, त्यांच्यासाठी मुहूर्त थांबवायला पाहिजे होता. विक्याचं म्हणणं, मॅप बरोबर होता, रस्ता चुकीचा होता. बराच वेळ याच्यावर गेला. कैलासचा चहा गार झाला, आक्का तिथंच राहिली.

देशमुख सरांनी गाडी रुळावर आणायचा प्रयत्न केला. "कैलास, तू असं कर. दादरला उतर, मध्य रेल्वेच्या एक नंबर फलाटावरून बाहेर पड..."

"सर, तो एक नंबर गेला," ज्ञानोबा अदबीनं म्हणाला. सरांनी त्याला सातवीत शिकवलंय, त्यामुळं त्यांना तो जरा जपून मारतो. "2023 च्या डिसेंबरात दादरचे सगळे नंबर सलग केले. पश्चिमचे एक ते सात, मध्यचे आठ ते चौदा. तुमच्या एक नंबरवर आता चर्चगेट-विरारची गाडी येती."

"असं? कळवलं नाही कुणी."

सरांचा हा स्वर इतका खरा होता की रेल्वेनं परभणीला खास पत्र टाकायला हवं होतं असं मलाही क्षणभर वाटलं.

"मग आमदार निवासच बरं," दत्ताभाऊ पुन्हा. "साहेबाचं पत्र देतो. मनोराला खोली..."

"मनोरा पाडून वर्षं झाली, भाऊ. तिथं नवं बांधकाम चालू हाय."

"म्हणजे आकाशवाणीच्या आमदार निवासाला म्हणायलो मी."

"आकाशवाणीला ना? मग डाळीचं तेवढं विचारून घ्या."

टपरी हसली. डाळ खराब निघाली म्हणून तिथल्या कँटीनवाल्याला एका आमदारानं हाणलं होतं, ते प्रकरण कुणाला सांगावं लागत नाही. दत्ताभाऊंचा चेहरा मात्र स्वतःलाच कँटीनमध्ये कुणी हाणल्यासारखा झाला. "तो आपल्या जिल्ह्याचा नव्हता," एवढं ते पुटपुटले.

"बरं, खोली मिळाली धरू," ज्ञानोबानं सोडलं नाही. "आकाशवाणी मंत्रालयाच्या शेजारी. परळ कुठं राह्यलं? रोज चर्चगेटहून प्रभादेवी, तिथं परत तोच जिना. नाईतर टॅक्सीनं सीएसटी अन् तिथून स्लो. शिवाय एका खोलीत मतदारसंघातली दहा माणसं. कुणी बदलीसाठी आलेलं, कुणी विहिरीच्या अनुदानाला. रात्री दोनपर्यंत भाषणं. पेशंटनं झोपायचं कुठं?"

"मग तूच सांग बाबा," कैलास शेवटी कावला. "मघापासून नुसतं नाई-नाई करायलास."

तेव्हा कुठं ज्ञानोबाचा नंबर लागला. आवाज जरा खाली आणून त्यानं सांगितलं.

दादर ईस्टला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. टाटात समाजसेवा विभाग आहे, तिथं अशा सगळ्या जागांची यादी मिळते. पण गोम पुढंच. "ह्या जागा पेशंटसाठी. दवाखान्याचा कागद दाखवावा लागतो. तू पहिल्यांदा चाललास, तुपल्याजवळ टाटाची फाईलच नाई. अन् कागद असला तरी रांग असती. म्हणून पहिल्या रात्री धर्मशाळा धरून चालायचं नाई. पहिल्या दोन-तीन रात्रीला परळ नाईतर दादर ईस्टला साधी लॉज घे. महाग पडती, पडू दे. तिथं हात आखडू नको. फाईल निघाली की त्याच दिवशी समाजसेवावाल्याकडं जा. लोकं उलटं करतात. आधी स्वस्तात लांब राहतात, दमतात, अन् मग फुटपाथवर येतात. टाटाच्या बाहेर झोपलेली माणसं बघितलीस ना, त्यातली समदी काही गरीब नसतात. कितीकांना कुणी हे सांगितलेलंच नसतं."

कुणी मध्ये बोललं नाही. विक्यानंही मोबाईल खिशात घातला होता.

"अन् बायोप्सीच्या स्लाइड अन् ब्लॉक हितल्या लॅबमधून मागून घे. नुसता रिपोर्ट चालत नाई, ते लोक परत तपासतात. आमचा बाप अन् मी तेवढ्यासाठी वापस आलतो परभणीला. काचेच्या दोन पट्ट्या अन् मेणाचा एवढासा तुकडा, चॉकलेटच्या वडीएवढा. त्याच्यासाठी जाऊन-येऊन दोन रात्री."

"लोकलचं काय?" कैलासनं विचारलं.

"परळला फास्ट थांबत नाई. स्लोच पकडायची. इंडिकेटरवर आधी गावाचं अक्षर येतं, मग फास्टचा एफ का स्लोचा एस ते. बदलापूरचं बीएल, कसाऱ्याचं एन, कल्याणचं के. अन् कर्जतचं एस. आता बोल! मी पहिल्याच दिवशी सीएसटीला एस बघून स्लो म्हणून बसलो. ती निघाली कर्जत फास्ट. डोळ्यादेखत परळ गेलं. बाप खिडकीतून बोट दाखवायलाय, 'ज्ञान्या, ते बघ आपलं गाव गेलं.' दादरला उतरून उलटे आलो."

बापाची नक्कल तो इतकी हुबेहूब करतो की सर हसता हसता गहिवरले. म्हातारा गेल्यालाही आता बरेच दिवस झाले.

सरांना गहिवर फार वेळ झेपत नाही. त्यांनी लगेच स्वतःचं जुनं दुखणं काढलं. सर मूळचे जालन्याचे. "आता वंदे भारत आहे म्हणून सोपं झालं तुम्हाला. आमच्या जालन्याची गाडी होती ती. 2023 च्या 30 डिसेंबरला सुरू झाली, बाराच्या आत मुंबईत. 2025 च्या ऑगस्टात नांदेडकरांनी ओढून नेली. आता अडीच वाजतात."

"नांदेडकरांनी नेली तर वाटंत परभणीबी आली की सर! जगात जर्मनी, भारतात परभणी!" विक्या.

"जर्मनीत गाडी अडीचला पोचत नसेल."

"पण खरं हाय सरांचं," ज्ञानोबा म्हणाला. "नांदेडहून पहाटे पाचला निघती, दुपारी दोन पंचवीसला सीएसटी. अन् तिकडून निघती एक दहाला. म्हणजे तुम्ही पोचायच्या आधी परतीची गेलेली. एका दिवसात काम करून वापस यायची गाडी नाई ती. मुक्कामाचीच हाय. दवाखान्याला ती काय कामाची? ओपीडीची सकाळ तर कल्याणच्या अलीकडंच संपती."

कैलास यावर एकदम चुळबुळला. टोपी काढली, घातली.

"काय रे?"

"काय नाई."

"तिकीट काढलंस का?"

"...काढलं."

"कशाचं?"

कैलासनं मोबाईल पुढं केला. वंदे भारत. विक्यानं तारीख वाचली, मग आक्काच्या अपॉइंटमेंटची तारीख विचारली. तीच. वेळ, सकाळी नऊ.

पुढची पाच मिनिटं लिहिण्यात अर्थ नाही. टपरीवाल्यानं सुद्धा स्टोव्ह बारीक केला. "आक्का म्हणली पोराला बोगीत झोप लागत नाई, बसून जाऊ," असं कैलास परत परत सांगत होता आणि प्रत्येक वेळी हशा वाढत होता. शेवटी ज्ञानोबानंच त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ते रद्द कर. आदल्या रात्रीच्याही आदल्या रात्री देवगिरीनं निघ. सकाळी दादरला उतर, ईस्टला बाहेर पड, लॉजवर आक्काला दिवसभर झोपू दे. संध्याकाळी एकटा टाटापर्यंत जाऊन रस्ता बघून ये. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन जाताना तुपल्या पायाला रस्ता माहीत पाहिजे."

"देवगिरीचं वेटिंग हाय," विक्या मोबाईलमधून वर न बघता म्हणाला.

इथं दत्ताभाऊ उठून उभे राहिले. या क्षणाची ते तासभर वाट बघत होते. "कोटा! व्हीआयपी कोटा! आत्ता साहेबाच्या पीएला लावतो." आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

बराच वेळ रिंग गेली. मग खडखडाट, भोंगा, कुणीतरी कुणाला तरी पुढं सरकायला सांगत होतं.

"हॅलो, कोण? दत्ता? आवाज येईना रे. लोकलमधी हाय... काय? कोटा? उद्या बोल... खोलीत नाई रे मी, खोलीत सोळा माणसं झालीत... हां हां, मेव्हण्याकडं राहायलोय सध्या... बदलापूर, बदलापूर!"

फोन कटला का दत्ताभाऊंनी कापला, यावर अजून एकमत नाही. सर खांबाला धरून बसले. विक्या रस्त्यावर जाऊन हसला.

"भाऊ, परत लावा," ज्ञानोबा म्हणाला. "धर्मशाळेचा नंबर देतो त्यांना."

"रेंज नव्हती तिकडं," दत्ताभाऊ.

"पुढच्या मुंबईवारीला साहेबालाबी घेऊन जा, साडूकडं जागा हाय," सर म्हणाले, आणि पुन्हा सगळे सुटले.

कैलास मध्येच विचारत होता, दादरला ईस्टला बाहेर पडलं की लॉजकडं डाव्या हाताला वळायचं का उजव्या. कुणाला ऐकूच गेलं नाही.