दारू सोडण्याच्या मीटिंगा आणि भाजीतली पावडर: फिरत्या मेसेजला उत्तर

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (ए.ए.), म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचे एकमेकांना आधार देणारे गट. त्यांच्या मीटिंगांवर सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणे, ‘दारू सोडायला मीटिंगा लागत नाहीत, मर्दाचं मन लागतं. तिथं बेवडे जमून रडतात, धर्म बदलायला लावतात, पैसे काढतात आणि गावभर बोभाटा होतो. त्यापेक्षा नवऱ्याच्या भाजीत ही पावडर टाका.’

आधी ते मर्दाचं मन. सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात थरथरतात, अशा माणसानं ईर्षेला पेटून एका रात्रीत दारू बंद केली तर पहिल्या दोन दिवसांतच त्याला फिट येऊ शकते. पुढच्या दोन दिवसांत भास, ताप, भ्रम सुरू झाला तर जीवावर बेततं. मेंदूला दारूची सवय लागलेली असते, तिथं निग्रह पुरत नाही. अशा माणसाला आधी डॉक्टरांकडे न्यायचं. सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, त्याचसाठी आहे. मीटिंगचं काम त्यानंतरचं.

आणि नुसत्या मनानं सुटते म्हणणारे लगेच माळकऱ्यांचं उदाहरण देतात. माळ घालून दारू सुटलेली माणसं आपल्या जिल्ह्यात आहेतच, पंढरपूर आपलंच आहे. पण त्यांचं नीट बघा. रोज हरिपाठाला शेजारी बसणारी माणसं असतात, दिंडी असते, दोन दिवस दिसला नाही तर घरी येऊन विचारणारा कोणी असतो. तो एकट्यानं सोडत नाही. ए.ए.च्या मीटिंगमध्ये याहून वेगळं फार काही घडत नाही. 2020 साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेनं 27 अभ्यास, दहा हजारांवर माणसं, असा आढावा घेतला. ए.ए.शी पद्धतशीर जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षभरानंतर पूर्ण कोरडी राहिलेली माणसं साधारण 42 टक्के होती, इतर उपचारांत 35. अभ्यास बहुतेक अमेरिकेतले आहेत, आणि 42 म्हणजे शंभर नव्हे, हेही खरं. पण ‘काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्यानं हे आकडे बघावेत.

धर्माचं म्हणाल तर ही चळवळ 1935 साली अमेरिकेतल्या ओहायोत एक शेअर दलाल आणि एक सर्जन यांच्या भेटीतून सुरू झाली. तिच्या भाषेत ख्रिस्ती छटा आहे, प्रार्थनाही होते. मीटिंग कधी शाळेच्या वर्गात भरते, कधी चर्चच्या खोलीत, त्यामुळे संशयाला जागा मिळते. पण देव ज्यानं त्यानं आपापल्या समजुतीप्रमाणे मानायचा, आणि यायला अट एकच: दारू सोडायची इच्छा. पैशांचं तर उत्तर एका ओळीचं आहे. फी नाही, पिशवी फिरते, वाटलं तर टाका. बाहेरच्यांची देणगी ते घेतच नाहीत.

बोभाट्याची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. साखर पेठेतल्या माणसाला अशोक चौकात कोणी ना कोणी ओळखतंच. मुलीचं लग्न ठरायचं असतं, कारखान्यात मुकादमाच्या कानावर जायला नको असतं. मीटिंगमध्ये आडनाव विचारत नाहीत, ‘इथं ऐकलं ते इथंच’ असा दंडक असतो. कायद्याची हमी नाही, माणसांनी पाळलेला शब्द आहे. ओळखीचा कोणी दिसलाच तर तोही त्याच कामाला आलेला असतो. ओपन मीटिंगला घरचे लोक, बाहेरचेही येऊ शकतात. क्लोज्डमध्ये फक्त दारूचा त्रास असलेले. धास्ती वाटत असेल तर क्लोज्ड विचारा, किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाची गाठा. (गुत्त्यावरून झोकांड्या खात येताना पाहिलेल्या गल्लीपासून नक्की काय लपवायचं, हा प्रश्न वेगळा.)

आता पावडर. दिवसभर विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईला असल्या जाहिराती बरोबर गाठतात, कारण ती थकलेली असते. पुडीत काय आहे हे कोणी सांगत नाही. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असलं तर दारू शरीरात अर्धवट तुटून विषारी घटक साठतो: चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड, बीपी कोसळतं, क्वचित मृत्यूही येतो. डॉक्टर हेच औषध देतात, पण हृदय-लिव्हर तपासून आणि पेशंटला सांगून. शेवटच्या गोळीनंतरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, म्हणून पिणाऱ्याला ते माहीत असावंच लागतं. चोरून घालणं म्हणजे नवऱ्याच्या जीवाशी खेळ, आणि कळलं की बायकोवरचा विश्वासही गेला.

त्या बाईसाठीही जागा आहे. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांचं अल-अ‍ॅनॉन 1951 पासून आहे, आणि नवरा येवो न येवो, तिला जाता येतं. 1986 साली सुरू झालेल्या पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे.

शोधायचं कसं? 14446 ही सरकारची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन, 14416 मानसिक आरोग्याची. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीतही गटांची चौकशी करा. जागा आणि वेळ बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन लावा. मीटिंग कुठल्या भाषेत चालते तेही विचारा, घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्यांनी तर नक्कीच. बोलायची सक्ती नसते. पहिला गट पटला नाही तर दुसरा बघा, आणि मध्येच पुन्हा प्यायलात तरी परत जायला कोणी अडवत नाही.